लुब्लियानाला कोणी नेलं

वैजू, रविवारी टेक्सासमधल्या प्लेनोच्या हॉलमध्ये तुला ‘त्यागमूर्ती’ म्हणण्यात आलं. माइकवर म्हणण्यात आलं, त्यामुळे इलाज नव्हता. सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी तुझ्या नावाआधी तीन विशेषणं लावली, नंतर दोन, आणि मागे पडद्यावर तुझे फोटो बासरीच्या सुरांवर एकमेकांत विरघळत होते. असली बासरी तुला सहन व्हायची नाही. ‘लिफ्टमध्ये अडकल्यासारखं वाटते,’ म्हणायचीस. मी हसू दाबत शेजारच्या खुर्चीकडे वळले, तुला कोपर मारायला. तिथे कोणाची तरी पर्स होती.

तू गेल्याला दोन आठवडे झाले होते. मी जर्सी सिटीहून निघायच्या आदल्या दिवशी नीलेशचा फोन आला. ‘भाषण नको करूस,’ तो म्हणाला, ‘तुमच्या ट्रेनची गोष्ट सांग. लोक हसतील. वैजूला तेच आवडलं असतं.’ नवरा म्हणून तो तुला बरोबर ओळखतो. ती गोष्ट आपल्या ओळखीत कोणाला माहीत नाही? दर गणपतीत, दर पॉटलकच्या जेवणाला कोणीतरी ती काढायचंच. विद्यार्थिदशेत दोघी युरोपात गेल्या, वैजूने आरक्षित जागा दुसऱ्यांना देऊन टाकल्या, त्यामुळे दोघी भलत्याच देशात पोचल्या आणि मैत्रिणीचं आयुष्यातलं पहिलं प्रेझेंटेशन बुडालं. शेवटी तू हात जोडून सगळ्यांना सांगायचीस, ‘माझी चूक, बाप्पा, माझीच चूक.’ मग हशा, आणि मग जेवण.

त्या गोष्टीत एक भाग कमी आहे. तो फक्त मला माहीत होता आणि चौदा वर्षांत मी तो तुला सांगितला नाही. आता सांगते. तू मध्येच बोलू शकत नाहीस, हा या पत्राचा एकमेव फायदा, आणि तोही मला नको आहे.

टेक्सासमधल्या त्या युनिव्हर्सिटीत आपलं तिसरं वर्ष होतं. माझा पेपर ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट नावाच्या तळ्याकाठच्या गावातल्या परिषदेत निवडला गेला होता. तुझा त्या परिषदेशी काही संबंध नव्हता. तुझा विषय मातीतले जंतू, माझा पुलांमधल्या भेगा. पण म्युनिकचं तिकीट स्वस्त मिळालं आणि तू म्हणालीस, ‘तू तिकडं बोल, मी तळ्यात पाय सोडून बसते.’ माझ्याकडे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती होत्या. तुझ्याकडे चिवडा होता.

म्युनिकला गाडीत बसून पाच मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात एक आजी तीन नातवंडांना घेऊन आल्या. त्यांच्या जागा डबाभर विखुरलेल्या. सगळ्यात धाकटी रडायला लागली. आजूबाजूची माणसं सहानुभूतीने खिडकीबाहेर बघत होती. तू उठलीस, आपल्या दोन्ही जागांवर हात थोपटलास, ‘सिट, सिट’ म्हणालीस आणि माझीही बॅग खाली काढलीस.

‘अगं, आपलं रिझर्व्हेशन आहे!’ मी म्हणाले.

‘त मग? आमच्याकडं नागपूरहून गाडी सुटली का वर्ध्यापर्यंत अर्धा डबा जागा बदलते. चाल मागं, तिकडं रिकामं दिसून राहिलं.’

मागे खरंच रिकामं होतं. शेवटच्या तीन डब्यांत एवढी जागा का आहे, असा प्रश्न आपल्याला पडला नाही. एकाच गाडीचे डबे वाटेत वेगळे होतात आणि दोन देशांना जातात, हे आपल्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. आपल्याकडेही तशा गाड्या असतात. पण आपल्याकडे ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि शिवाय चार माणसं ओरडून सांगतात. इथे डब्यावर लिहिलेलं असेलही. ओरडलं मात्र कोणी नाही.

साल्झबर्ग गेल्यावर तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस. बाहेर इतके सुंदर डोंगर होते की त्यांचा राग यावा. मला काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मला पंधरा मिनिटं बोलायचं होतं, समोर ज्यांच्या पुस्तकांवरून मी परीक्षा दिल्या ती माणसं, आणि त्याआधी संध्याकाळी महापौरांच्या हस्ते दीपप्रज्वलनासारखं काहीतरी. मी चौथ्यांदा पहिली स्लाइड मनात म्हणत होते, तेव्हा घोषणा झाली. आधी जर्मनमध्ये, मग स्वच्छ इंग्रजीत. पुढच्या स्थानकात, फिलाखला, गाडीचे दोन भाग होतील. क्लागेनफुर्टला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया पुढच्या डब्यांत जावं. शेवटचे तीन डबे लुब्लियानामार्गे झाग्रेबला जातील.

मी ती ऐकली, वैजू. सगळी ऐकली. पुलात पडणारी भेग कानाने कशी ओळखायची, यावर जिचं संशोधन, तिला डोक्यावरचा लाउडस्पीकर ऐकू आला नसेल, असं कोणालाही वाटलं कसं, हे मला आजही कळत नाही. तुला उठवायला हात उचलला होता. मग तो खाली ठेवला आणि मी डोळे मिटले. एवढंच केलं मी. डोळे मिटून मनात म्हटलं, मला झोप लागली आहे. फिलाखला गाडी बराच वेळ थांबली. खालून लोखंडाचा आवाज आला. मग आपण उलट्या दिशेने निघालो आणि मला, शपथेवर सांगते, पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

तू जागी झालीस ती लांबलचक बोगद्यात. बोगदा संपला आणि पाट्यांवरची भाषा बदलली होती. तिकीट तपासनीस आला, आपली तिकिटं बघून डॉक्टर रिपोर्ट बघतो तसा थांबला आणि म्हणाला, ‘क्लागेनफुर्ट?’

‘आपण कुठं जाऊन राहिलो बे?’ तू मला विचारलंस. ‘हा दुसरा देश आहे? व्हिसा ऑस्ट्रियाचा आहे ना आपला! आता आत टाकतात का?’

मी तुला समजावलं की तोच व्हिसा इथे चालतो, काही होत नाही, पुढच्या स्टेशनवर उतरू. तरी तू पासपोर्ट दोन्ही हातांत धरून बसलीस. घाबरलेली तू आणि शांत मी, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. तुला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण तू फक्त एकच म्हणत होतीस, ‘तुझं प्रेझेंटेशन. मी वाट लावली ना तुझी. मी काहून उठली तिथून?’

लुब्लियानाला उतरलो तर परतीची शेवटची गाडी नुकतीच गेली होती. दुसरी थेट सकाळी. स्टेशनजवळच्या होस्टेलच्या काउंटरवर एक कॉम्प्युटर होता. खोली बघायच्या आधी तू त्यावर बसून माझ्या प्रोफेसरांना ईमेल लिहिलीस. चूक पूर्णपणे माझी आहे, मी आमच्या जागा दुसऱ्यांना दिल्या, कृपया तिला दोष देऊ नये. मी तुझ्यामागे उभी राहून वाचत होते. एक स्पेलिंग चुकलं होतं, ते मी दुरुस्त करायला सांगितलं.

तिथे सांगायला हवं होतं. त्या क्षणाइतकं सोपं नंतर कधीच राहिलं नाही.

पण मग आपण बाहेर पडलो, वैजू! जूनमधली संध्याकाळ, नऊपर्यंत उजेड, आणि हातात असं शहर, ज्याबद्दल आपण दोघींनी मिळून एक ओळ वाचली नव्हती. मी पुस्तकं वाचून गावाला जाणारी बाई. कुठल्या चर्चचं छत कधी जळलं हे मला पोचण्याआधी माहीत असतं आणि पोचल्यावर मी ते फक्त टिकमार्क करते. इथे काहीच माहीत नव्हतं. प्रत्येक वळणावर मला धक्का बसत होता आणि तो मी लपवू शकत नव्हते. पंधरा मिनिटांत नदी लागली, हिरवी, अरुंद, दोन्ही काठांवर माणसं पाय सोडून बसलेली. एकाच जागी तीन पूल, शेजारी शेजारी, बोटं पसरल्यासारखे. ‘बापा!’ तू म्हणालीस, ‘एवढ्याशा नदीला तीन?’ मी म्हटलं, आपल्याकडे एका पुलाच्या भूमिपूजनाला तीन मंत्री येतात, हिशेब तोच. तू एवढ्या जोरात हसलीस की काठावरच्या एका मुलीने आपल्याकडे बघून ग्लास उंचावला.

मुख्य चौकात घोड्यावर बसलेला सेनापती असणार, या अपेक्षेने मी नाक मुरडून तयार होते. तिथे कवी उभा होता. डोक्यावर एक अर्धवस्त्र देवी फांदी धरून बसलेली, तेवढं माफ. आणि समोरच्या एका घराच्या भिंतीवर दगडी खिडकी, त्यात दगडी बाई. शेजारच्या आइस्क्रीमवाल्याने सांगितलं, कवीचं तिच्यावर प्रेम होतं, तिचं नव्हतं, म्हणून गावाने दोघांना समोरासमोर ठेवलं. तू बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिलीस. ‘जिनं नाही म्हटलं तिच्याकडं बघत जन्मभर उभं केलं याला? हा सत्कार आहे का शिक्षा?’ आणि नंतर, ‘तिला विचारलं का कोणी?’ स्मारकांवर मी त्यानंतर बरंच वाचलं. याहून नेमकं काही वाचनात आलं नाही.

गुलाबी चर्चच्या पायऱ्यांवर काही पोरंपोरी गाण्याची तालीम करत होती आणि पुन्हा पुन्हा एकाच जागी अडकत होती. ‘हे तुझ्या पहिल्या स्लाइडसारखं आहे,’ तू म्हणालीस आणि तुझा चेहरा पडला. मग तू मला मधल्या पुलावर नेलंस, माझा तळहात दगडी कठड्यावर दाबलास आणि म्हणालीस, ‘उद्याचं गेलं ते गेलं. मला सांग. हा पूल आतून तडकून राहिला, तर तुला बाहेरून कसं कळते?’

मी सांगायला लागले. स्लाइड नव्हत्या, लेझर नव्हता, ‘या संदर्भात’ नव्हतं. भेग पडताना आवाज होतो, माणसाला ऐकू येत नाही असा, तो ऐकायला पुलाला जागोजागी कान लावायचे, मग कुठल्या कानाला आधी ऐकू आलं त्यावरून भेगेची जागा शोधायची. तू फक्त ‘मग?’ म्हणत होतीस. नुसतं ‘मग?’ आणि दर वेळी मला पुढचं वाक्य सापडत होतं. सायकल हातात धरलेले एक म्हातारे गृहस्थ केव्हा येऊन थांबले कळलंच नाही. आपण मराठीत बोलतोय म्हणून त्यांनी इंग्रजीत विचारलं, काय तपासताय? मी सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, ‘मग हा ठीक आहे ना? मला रोज जावं लागतं.’ मी म्हटलं, मी अजून त्याचं ऐकलेलं नाही. तू म्हणालीस, ‘शी इज ऑन लीव्ह टुडे.’

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण क्लागेनफुर्टला पोचलो. संयोजकांनी मला शेवटच्या दिवशीची शेवटची वेळ दिली. अकरा माणसं होती, त्यातली दोघं खुर्च्या उचलायला आलेली. मी त्यांना पुलावर सांगितलं तसं सांगितलं. खुर्च्या उचलणाऱ्यांपैकी एकाने प्रश्न विचारला. नंतर प्रोफेसर म्हणाले, हे असं बोलायला कुठे शिकलीस? मी म्हटलं, लुब्लियानाला. त्यांना तो विनोद वाटला. तू दारात उभी होतीस, दोन्ही अंगठे वर करून, आणि डोळ्यांत अजून तीच अपराधी नजर. माझं सगळं चांगलं झालं होतं. बिल तुझ्या नावावर फाडलं गेलं.

सुरुवातीला भीती होती, तू चिडशील. मग तुझं लग्न झालं, सई झाली, गोष्ट लोकांची झाली आणि मग सांगणं हास्यास्पद वाटायला लागलं. मी तुझ्या बाजूने भांडायचे मात्र जोरात. ‘वैजूची काही चूक नाही,’ म्हणायचे. तू म्हणायचीस, ‘मग कोणाची, बे?’ मी म्हणायचे, ‘रेल्वेची.’ दर वेळी हाच वाद आणि दर वेळी तो तिथेच थांबायचा.

तीन वर्षांपूर्वी आपण दोघी मुंबईच्या विमानात होतो. एक काका आले, म्हणाले, काकूंची सीट लांब आहे, बदलून द्याल का? मी आपली पर्स आवरायला घेतली, कारण तुझं उत्तर मला माहीत होतं. तू म्हणालीस, ‘सॉरी काका, आमची एकदा अख्खी ट्रेन गेली आहे.’ काकाही हसले. पण नंतर तू सिनेमा लावलाच नाहीस. मान वळवून त्या काकूंकडे बघत राहिलीस, आणि जेवण आलं तेव्हा आपला गुलाबजाम त्यांना नेऊन दिलास. मी शेजारी बसले होते. माझा गुलाबजाम मी खाल्ला.

म्हणून रविवारी विमानात ठरवलं होतं की हॉलमध्ये सगळ्यांसमोर खरं सांगायचं. सूत्रसंचालक काकांनी प्रत्येकाला तीन मिनिटं दिली होती. मी माइकसमोर उभी राहिले, ‘म्युनिकची गाडी’ एवढंच म्हटलं आणि लोक आधीच हसायला लागले. दोन आठवड्यांत न हसलेली तोंडं. नीलेश हसला. आणि मी जुनीच गोष्ट सांगितली. पूर्ण. शेवटी हात जोडून ‘माझी चूक, बाप्पा’ हे तुझ्या आवाजात म्हटलं. टाळ्या पडल्या. तू नसतानाही ती चूक मी तुझ्याच पदरात टाकली, वर तुझी नक्कल करून.

सोमवारी सकाळी तुझ्या स्वयंपाकघरात होते. दुपारचं विमान होतं. नीलेश चहा करत होता, सई दुधातलं सीरियल खात होती. बारा वर्षांची झाली, पण चमचा अजून तुझ्यासारखा मुठीत धरते. ती म्हणाली, ‘मावशी, दॅट्स व्हाय आई नेव्हर लेट मी स्वॉप सीट्स. इव्हन ऑन द स्कूल बस.’

मग मी सांगितलं. चार वाक्यं लागली. चौदा वर्षं आणि चार वाक्यं.

नीलेशने गॅस बंद केला. ‘तू ऐकली होतीस?’

‘हो.’

‘ती मला दर स्टेशनवर खाली उतरवून डब्यावरची पाटी वाचायला लावायची गं. चालत्या गाडीत चढलोय मी त्यापायी.’ तो हसायला लागला, मग सिंककडे तोंड करून उभा राहिला, आणि बराच वेळ नळ चालू होता.

सईने चमचा खाली ठेवला. ‘दॅट्स काइंड ऑफ मीन, मावशी.’

‘हो.’

‘लाइक, रिअली मीन. शी फेल्ट सो बॅड.’

‘हो.’

‘यू शुड हॅव टोल्ड हर.’

‘हो, सई.’

आदल्या दिवशीच्या सगळ्या भाषणांपेक्षा हे भाषण तुझ्या जवळचं होतं. मला वाटलं, ती आता उठून जाईल, आणि जायलाच हवं होतं. ती गेली नाही. बाऊलमधलं दूध ढवळत बसली. मग म्हणाली, ‘सो वॉज इट नाइस?’

‘काय?’

‘द सिटी. आई ओन्ली टोल्ड द ट्रेन पार्ट. देन शी सेज सॉरी अँड द स्टोरी इज ओव्हर.’

वैजू, माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. तुझ्याकडून माफीच्या पुढे गोष्ट जात नव्हती आणि माझी गाडी त्या घोषणेच्या पुढे. ते अख्खं शहर आपण दोघींनी मिळून कोणाला दाखवलंच नाही.

मी स्टेशनाच्या बाहेरून सुरुवात केली. नदी सांगितली, तीन पूल, दगडी खिडकीतली बाई आणि तिला कोणी विचारलं का हा तुझा प्रश्न. सकाळच्या बाजारातलं दुधाचं यंत्र सांगितलं, नाणं टाकलं की बाटलीत कच्चं दूध देणारं, आणि तू बाटली उजेडात धरून त्या यंत्राला मराठीत विचारलेलं, याला साय येते का. सिंकजवळून आवाज आला, ‘मग, येते का?’ माझा वेग वाढत होता, हात हलत होते, चहा गार झाला होता. गाडीची वेळ होईपर्यंत आपण आणखी एका पुलावर धावत गेलो, ज्याच्या चार कोपऱ्यांवर चार हिरवे ड्रॅगन बसलेले आहेत, आणि तू त्यातल्या एकाखाली उभी राहून त्याच्यासारखीच झालीस, पण माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती.

‘व्हॉट डू यू मीन, झालीस? लाइक हाऊ?’ सईने विचारलं.

फोटो नाही, तर काय करणार. मी, स्मारकांची चेष्टा करणारी बेचाळीस वर्षांची बाई, तुझ्या स्वयंपाकघरात उठून उभी राहिले, कोपरं मागे ताणली, मान पुढे काढली आणि तोंड उघडलं.

सईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘नो,’ ती म्हणाली, ‘आई वुड डू इट वे बिगर,’ आणि खुर्चीवर चढून करून दाखवलं.